या खड्ड्याचे पन्नास

गिदोन आवळे खड्डा मोजतो तो पहारीनं.
टेप आहे त्याच्याकडे, पिवळी, पण ती सोडली की सर्रकन आत जाते,
आणि आत जाऊन आलोय, म्हणतो, आता पुरे.
मिरजेच्या आमच्या कबरस्थानात वर दोन फूट काळी माती,
मग मुरूम. मुरूम लागला की पहारीचा आवाज बदलतो,
करपलेलं पातेलं कुणी घासायला घ्यावं तसा.

याच हातानं तो पासबुकं भरायचा.
कृपा पतसंस्था, दवाखान्याच्या रस्त्यावर, पहिला मजला.
आईनं, म्हणजे तबिथा सिस्टरनं, बत्तीस वर्षांच्या रात्रपाळ्या
त्या जाळीखालून सरकवल्या.
आया, कंपाउंडरच्या विधवा, सगळ्यांनीच.
मग एका सोमवारी शटर उघडलंच नाही,
आणि गिदोन सापडला जंक्शनवर, भलत्याच गाडीत.
कळंब्याहून सुटून आला तेव्हा
मंडळीकडे त्याला देण्याजोगं एकच काम होतं,
कारण ते दुसऱ्या कुणाला नको होतं.

रविवारशाळेसाठी मी जुना इतिहास काढत होते,
तिथे कॅलिस्तस भेटला. रोममधला गुलाम.
धन्यानं त्याला पेढी काढून दिली. विधवांनी ठेवी ठेवल्या.
पेढी बुडाली. हा बंदरावर पळाला, जहाजात चढला,
धनी येताना दिसला तशी समुद्रात उडी टाकली.
बाहेर ओढला, जात्याला जुंपला, पुढे सार्दिनियाच्या खाणीत.
सुटून आल्यावर काही वर्षांनी नव्या बिशपानं त्याच्या हाती दिलं
मंडळीचं कबरस्थान.
आणि तो बिशप वारल्यावर (हे मी तीनदा वाचलं)
याला पोप केलं.

पाळकसाहेब म्हणाले, आपल्यात पोप नसतो.
मी म्हटलं, खड्डे तर असतात.

हे बहुतेक सगळं लिहून ठेवलंय त्याच्या वैऱ्यानं.
वैरी शिकलेला, अक्षर-अक्षर तोललेलं:
हा माणूस कुणालाही परत आत घेतो.
मोठ्या घरच्या बायकांनी गुलामाशी संसार केला तरी मान्य करतो.
म्हणतो, नोहाच्या तारवात कावळे होते, कुत्रे होते, लांडगेही होते.
आरोप म्हणून लिहिलंय.
आमच्याकडे लग्न ठरवताना अजून हळूच विचारतात,
मूळचे कुठल्या गल्लीतले?

आईला मी हे वाचून दाखवलं.
ती म्हणाली, त्या विधवांचे पैसे मिळाले का?
ते वैऱ्यानं लिहिलेलं नाही.

गिदोन दर खड्ड्यामागे पन्नास रुपये आणून द्यायचा.
दारातच उभा. आई जुनं पासबुक पुढे करायची,
तो तारीख घालायचा, रक्कम, सही. शिक्का जप्तीत गेलेला.
एकेचाळीस हजार सहाशे, आई हिशोब करायची,
म्हणजे आठशे बत्तीस मयती.
मिरजेत एवढे ख्रिस्ती तरी आहेत का रे?
गिदोन खाली बघायचा. आई हसायची नाही.
क्षमा केली, असं ती कधीच म्हणाली नाही.
चहा मात्र द्यायची. वेगळ्या कपात, हेही सांगायला हवं.

ज्या कबरस्थानाला अजून कॅलिस्तसचं नाव आहे
तिथे तो स्वतः पुरलेला नाही.
विहिरीत टाकला म्हणतात, मग लोकांनी घाईत भलतीकडेच नेला.

आई गेली फेब्रुवारीत. सतारवाल्यांच्या गच्चीवर
भोपळे वाळत होते, गाडी त्याखालून गेली.
खड्डा एक वीत जास्त खोल होता.
कुणाच्या लक्षात आलं नाही. मला पहारीवरची ओली खूण दिसली.

तिसऱ्या दिवशी गिदोन दारात.
घडी घातलेली नोट. या खड्ड्याचे पन्नास, म्हणाला.
मग बराच वेळ काही नाही. मग, नॉमिनी कोण आहे?

मी पासबुक आणलं. त्यानं आईचं नाव खोडलं नाही,
खाली माझं लिहिलं, जेलमध्ये बिघडलेल्या अक्षरात.
चहा टाकला. मांडणीवरचा तो कप
मी काढला, पुन्हा ठेवला,
आणि हाताला येईल तो घेतला.